चादरीच्या दुकानाचा डेटाबेस आणि डीबीव्हर: तीन वर्षं वापरल्यानंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अण्णांचा चादर-टॉवेलचा कारखाना आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाहेरगावचे व्यापारी यायचे बंद झाले, तेव्हा त्यांनी ऑनलाइन दुकान काढलं. ते बांधून देणारा मुलगा पुढे पुण्याला नोकरीला गेला आणि दुकानाची चावी माझ्या हातात आली. चावी म्हणजे वहीचं एक फाडलेलं पान. त्यावर सर्व्हरचा पत्ता, मायएसक्यूएलचा (डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) युजर आणि पासवर्ड, बाकी काही नाही. आज अण्णांचं धरून चार दुकानांचे डेटाबेस मी जुळे सोलापुरातल्या घरून सांभाळते. दोन चादर-टॉवेलची, एक शेंगा चटणी आणि कडक भाकरीचं, एक शाळेच्या गणवेशांचं.

दुकानाचं वेबपान गिऱ्हाईक बघतं. त्याच्यामागे जी कीर्द-खतावणी चालते, म्हणजे माल किती, दर काय, कुणी काय मागवलं, पैसे आले का, ते सगळं डेटाबेसमध्ये असतं. ती खतावणी उघडून बघायला, दुरुस्त करायला, तिची प्रत काढायला एक हत्यार लागतं. गेली तीन वर्षं माझं रोजचं हत्यार डीबीव्हर आहे, त्याची मोफत कम्युनिटी आवृत्ती. त्याबद्दल लिहिते आहे. त्याआधी जे वापरलं आणि अजूनही अधूनमधून वापरते, तेही ओघात येईल.

मी डीबीव्हरकडे का वळले ते आधी सांगते.

सुरुवातीला मी सगळी कामं मायएसक्यूएलच्या काळ्या पडद्यावर, म्हणजे हुकूम टाइप करून, करायची. हात बसलेला होता, वेग होता. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात अण्णांनी रात्री फोन करून सांगितलं की नॅपकिनचा दर ३८ रुपये करायचा. मी अपडेटची ओळ लिहिली, दर ३८ लिहिला आणि कुठल्या मालाचा ते सांगणारा ‘व्हेअर’चा भाग न लिहिताच एंटर दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: ३१२ ओळी बदलल्या. दुकानात एकूण मालच ३१२ प्रकारचा होता. माझे डोळे मिटत होते. आकडा दिसला, पण डोक्यात शिरला नाही. मी लॅपटॉप बंद करून झोपले.

सकाळी साडेसहाला अण्णांचा फोन. “अक्का, डबल चादर अडतीस रुपयाला कशी ओ गेली?”

रात्रीतून १७ ऑर्डरी पडल्या होत्या. नॅपकिन, टर्की टॉवेल, सिंगल, डबल, जकार्डची भारी चादर, सगळं ३८ रुपये. मी बॅकअप काढायला धावले, तर बॅकअप रात्री दोनला होतो आणि त्याच्यातही चुकीचेच दर गेले होते. आदल्या रात्रीची फाइल शिल्लक होती म्हणून निभावलं. त्या दिवसापासून प्रत्येक दुकानाच्या सात रात्रींच्या फाइली ठेवते. अण्णा फोन घेऊन बसले आणि १७ जणांना एकेक करून खरं काय ते सांगितलं. अकरा जणांनी ऑर्डर आपणहून सोडली. सहा जण अडून बसले. अण्णा म्हणाले, “पैसे घेतलेत ना आपण? मग माल द्यायचा.” सहाही पार्सलं गेली. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत. मला मात्र आजही तो ३१२ आकडा आठवतो.

मायएसक्यूएलच्या त्या काळ्या पडद्यालाही रक्षणाची सोय आहे, हे मला नंतर कळलं. ‘सेफ-अपडेट्स’ असा पर्याय देऊन तो सुरू केला की व्हेअर नसलेलं अपडेट किंवा डिलीट तो चालवत नाही. त्याच पर्यायाला दुसरं नाव आहे ‘आय-ॲम-अ-डमी’. मला हे नाव पटत नाही. दिवसभर चार दुकानांचे फोन घेऊन रात्री अकराला दर बदलणारी बाई मठ्ठ नसते, दमलेली असते. दमलेल्या माणसाला हात धरून थांबवणं हे हत्याराचं पहिलं काम आहे असं मी मानते, आणि डीबीव्हर मी त्याच मापानं मोजते.

आता ते थांबवतं कसं ते बघा. डीबीव्हरमध्ये प्रत्येक जोडणीला प्रकार देता येतो: डेव्हलपमेंट, टेस्ट, प्रॉडक्शन. प्रॉडक्शन दिलं की त्या जोडणीच्या खिडक्यांना तांबडा रंग येतो. टेस्टच्या खिडक्या हिरवट. माझ्या लॅपटॉपवर अण्णांच्या दुकानाची एक नक्कल असते आणि सर्व्हरवर खरं दुकान. दोन्हीकडे टेबलांची, म्हणजे माहितीच्या तक्त्यांची, नावं सारखी, रकाने सारखे, मालही सारखाच. रंग नसता तर मी कुठे उभी आहे हे मला रोज वाचून ठरवावं लागलं असतं. तांबडं दिसलं की बोटं आपोआप हळू होतात. व्हेअर नसलेलं अपडेट किंवा डिलीट दिलं तर डीबीव्हर वेगळी सूचना देऊन विचारतं.

पण रंगापेक्षाही महत्त्वाचं आहे ऑटो-कमिट बंद असणं. प्रॉडक्शनच्या जोडणीला मी ते बंदच ठेवते. मग अपडेट चालवलं की किती ओळी बदलल्या ते दिसतं, पण बदल पक्का झालेला नसतो. कमिट दाबलं तर पक्का, रोलबॅक दाबलं तर जसं होतं तसं. नॅपकिनचे आमच्याकडे नऊ प्रकार आहेत. ९ आकडा आला तर कमिट. ३१२ आला तर रोलबॅक, आणि एकाही गिऱ्हाइकाला काही कळत नाही. मध्येच लाइट गेली, नेट तुटलं, तरी भीती नाही. जोडणी तुटली की पक्का न झालेला बदल मायएसक्यूएल स्वतःहून मागे घेतं. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४२-४३ ला गेला की लाइटचा भरवसा नसतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

इथे दोन धोके आहेत, आणि दोन्ही मी अनुभवलेत.

पहिला असा की सगळंच मागे घेता येत नाही. टेबलाची रचना बदलणारे हुकूम, म्हणजे ऑल्टर, ड्रॉप, ट्रंकेट, हे मायएसक्यूएलमध्ये लगेच पक्के होतात. एवढंच नव्हे, त्यांच्या आधी जे अर्धवट ठेवलेलं असेल तेही ते पक्कं करून टाकतात. रोलबॅकचं बटण समोर दिसतं आणि उपयोग काही नसतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये असं नाही, तिथे टेबल पाडलं तरी कमिटच्या आधी परत येतं. हा डीबीव्हरचा दोष नव्हे, मायएसक्यूएलचा स्वभाव आहे. पण शिकणाऱ्याला कुणी हे सांगत नाही, म्हणून मी सांगते.

दुसरा धोका कुलपांचा. एकदा मी टॉवेलच्या साठ्याचे आकडे बदलले, बदललेल्या ओळींचा आकडा बघितला आणि कमिट करायच्या आधी चहा ठेवायला उठले. दुधवाला आला, त्याचा हिशेब झाला. परत येते तर दुकानातून तीन मेसेज: ऑर्डर होत नाही. झालं असं होतं की माझ्या अपडेटमधल्या व्हेअरच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी झटपट शोधायची सोय, नव्हता. अशा वेळी मायएसक्यूएल शोधताना तपासलेल्या सगळ्याच ओळींना कुलूप लावतं, आणि मी कमिट किंवा रोलबॅक करेपर्यंत ते उघडत नाही. गिऱ्हाइकानं ऑर्डर दिली की साठा एकानं कमी व्हायला हवा, ती ओळ कुलूपबंद. समोरचा ५० सेकंद थांबतो, ही मूळची ठरलेली मर्यादा आहे, आणि मग चूक दाखवून बाहेर पडतो. नुसतं वाचायला कुलूप आडवं येत नाही, त्यामुळे दुकान दिसत होतं, दर दिसत होते, माल तेवढा विकला जात नव्हता. तेव्हापासून अर्धवट बदल ठेवून मी जागेवरून उठत नाही. दारावरची बेल वाजली तरी आधी कमिट किंवा रोलबॅक.

आता मराठीबद्दल. आपल्या दुकानांना हे फार लागतं आणि इंग्रजी परीक्षणांत ते कधीच येत नाही.

अण्णांकडे लातूर, नांदेड, बेळगाव इथून लोक पत्ता मराठीत लिहितात. जुन्या टेबलाची अक्षरमाला लॅटिन-१ होती, तिथे मराठी नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं जमली होती. प्रश्नचिन्हं एकदा साठली की मूळ अक्षर गेलं, कुठलंही हत्यार ते परत आणू शकत नाही. टोपीवाली विचित्र इंग्रजी अक्षरं दिसत असली तर बहुतेक वेळा आशा असते, कारण आतले बाइट शाबूत असतात आणि वाचण्याची रीत तेवढी चुकलेली असते. दुसरं टेबल मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ-८’वर होतं. तिथे मराठी नीट बसायचं, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्या जुन्या प्रकाराची मर्यादाही तीनच आहे. एका बाईंनी ऑर्डरच्या टिपणीत ‘लवकर पाठवा’ लिहून पुढे हात जोडलेला इमोजी टाकला आणि ऑर्डर अडकली. इमोजीला चार बाइट लागतात. उपाय ‘यूटीएफ-८-एमबी-४’. मायएसक्यूएल ८.० पासून नवीन डेटाबेसला मुळातच तो मिळतो, पण जुनी टेबलं आपली आपल्यालाच बदलावी लागतात. डीबीव्हरमध्ये टेबलाच्या माहितीत अक्षरमाला समोरच दिसते. मायएसक्यूएलवरच्या सगळ्या दुकानांची टेबलं मी एका दुपारी बघून टाकली.

कुरिअरवाल्याला रोज संध्याकाळी पत्त्यांची फाइल जाते. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी फाइल) काढायची आणि एक्सेलमध्ये उघडायची, की मराठी पत्त्यांची अक्षरं विस्कटायची. दुकानातला पोरगा मग फोनवरून एकेक पत्ता विचारून हातानं लिहायचा. डीबीव्हरच्या एक्स्पोर्टमध्ये ‘इन्सर्ट बीओएम’ अशी एक छोटी चौकट आहे. तिच्यावर टिक केली की फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण जाते आणि एक्सेल फाइल बरोबर ओळखतं. त्या पोराचा रोजचा अर्धा-पाऊण तास वाचला. ही चौकट त्यांनी सेटिंगच्या बऱ्याच आत ठेवली आहे. ती वर आणली तर भारतभरचे दुकानदार दुवा देतील.

चटणीचं दुकान वर्डप्रेस (वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) आणि वूकॉमर्सवर (त्याला जोडायचं दुकान) आहे, आणि तिथे डीबीव्हरची सोय घात करू शकते. डीबीव्हरमध्ये एक्सेलसारखं चौकटीत क्लिक करून मजकूर बदलता येतो. वर्डप्रेसच्या ‘ऑप्शन्स’ टेबलात पुष्कळ मजकूर त्याच्या आधी लांबीचा आकडा लावून साठवलेला असतो, आणि ती लांबी बाइटमध्ये मोजलेली असते. ‘चटणी’ आपल्या डोळ्यांना तीन अक्षरी शब्द. यंत्राला च, ट, ण आणि दुसरी वेलांटी अशी चार चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे १२. तुम्ही ‘चटणी’ पुसून ‘शेंगा चटणी’ केलंत आणि त्याच्या आधीचा लांबीचा आकडा तसाच राहिला, तर ती अख्खी सेटिंग वर्डप्रेसला वाचता येत नाही. दुकानाचं तोंड बदलून जातं आणि कारण सापडत नाही. असले बदल मी डब्ल्यूपी-सीएलआयनं, म्हणजे वर्डप्रेसच्या हुकूम टाइप करायच्या हत्यारानं, करते, त्याला हे आकडे सांभाळता येतात. डीबीव्हरचा वापर तिथे फक्त बघण्यापुरता.

वेगाचं एक उदाहरण देते. गणवेशांच्या दुकानात जूनमध्ये पालकांचे फोन सुरू होतात, “आमची ऑर्डर कुठवर आली?” मोबाइल नंबरवरून शोधायला आठ-नऊ सेकंद लागायचे. डीबीव्हरमध्ये क्वेरीचा (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा) आराखडा दाखवणारं बटण आहे. ते दाबलं तर दिसलं की एका पालकाची ऑर्डर शोधायला डेटाबेस सगळंच्या सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत चाळतोय. मोबाइलच्या रकान्यावर इंडेक्स टाकला आणि उत्तर डोळ्याचं पातं लवेपर्यंत यायला लागलं. हे काम काळ्या पडद्यावरही होतं, पण दुकानदाराला शेजारी बसवून दाखवायला डीबीव्हर बरं.

आता तक्रारी. डीबीव्हर जाव्हामध्ये लिहिलेलं आहे आणि एक्लिप्सच्या पायावर उभं आहे, त्यामुळे जड आहे. माझ्या आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा असला की ते रडतखडत सुरू होतं. मेनूंची गर्दी एवढी की पहिला महिनाभर मी हव्या त्या गोष्टी शोधतच होते. नव्या माणसाची पहिली ठेच मायएसक्यूएल ८ ला जोडताना लागते: ‘पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड’. ड्रायव्हरच्या गुणधर्मांत जाऊन ती परवानगी ‘ट्रू’ करावी लागते. मी डेटाबेसचा ३३०६ पोर्ट (सर्व्हरवरचं त्याचं दार) बाहेरून बंद ठेवते आणि एसएसएच बोगद्यातून (सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीतून) जाते, तो बोगदा डीबीव्हर स्वतःच उभारतं, म्हणून ही परवानगी द्यायला मला धास्ती वाटत नाही. बॅकअपचा मेनू आहे, पण त्याला मायएसक्यूएलचं प्रत काढायचं स्वतःचं डंप-टूल तुमच्या यंत्रावर आधीच लागतं. मी बॅकअप तिथून घेतच नाही. तो रात्री सर्व्हरवर आपोआप होतो, आणि दर रविवारी त्यातली एक फाइल माझ्या लॅपटॉपवर उलगडून बघते. उलगडून न बघितलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आणखी एक. डीबीव्हर सुरुवातीला २०० ओळीच आणतं, खाली सरकलं की पुढच्या येतात. माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या मुलीनं एका महिन्याच्या ऑर्डरी २०० म्हणून अण्णांना सांगितल्या आणि अण्णा घाबरले. त्या हजाराच्या वर होत्या. शिकवताना हे पहिल्या दिवशी सांगा.

बाकीच्या हत्यारांबद्दल थोडक्यात. पीएचपीमायॲडमिन १९९८ पासूनचं, जवळजवळ प्रत्येक होस्टिंगवर तयार मिळतं, एखादी ओळ बघायला उत्तम. पण ते ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या मर्यादेत अडकतं. अपलोडची मूळ मर्यादा दोन एमबी असते, होस्टिंगवाल्यानं वाढवली नसेल तर दुकानाची फाइल आत जाणार कशी? ॲडमिनर म्हणजे एकच पीएचपी फाइल. अडीअडचणीला सर्व्हरवर टाकते, काम झालं की तिथल्या तिथे पुसते. तशीच पडू दिली तर रस्त्यानं जाणारा कुणीही दाराशी येऊन पासवर्ड आजमावू शकतो. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये टेबलांची नाती चित्रात दिसतात आणि इंडेक्स न वापरणारं अपडेट ते ११७५ नंबरची चूक दाखवून मुळातच अडवतं. या बाबतीत ते डीबीव्हरपेक्षा कडक आहे आणि नव्या माणसाला मी तेच सुचवते. पण ते मायएसक्यूएलपुरतंच. गणवेशांचं दुकान पोस्टग्रेसवर आहे, आणि दोन हत्यारं दोन सवयी लावतात. विंडोजचा जुना, दमलेला कॉम्प्युटर असेल तर हायडीएसक्यूएल बसवा. मोफत आहे, चटकन उघडतं, नॅपकिनसारखं हलकं. चाटी गल्लीतल्या एका दुकानात चार जीबीच्या यंत्रावर मी तेच बसवून दिलं आणि त्यांची काही तक्रार नाही.

कुणाला डीबीव्हर सांगेन? ज्याच्याकडे एकाहून जास्त दुकानं आहेत, एकाहून जास्त प्रकारचे डेटाबेस आहेत आणि निदान आठ जीबीचं यंत्र आहे, त्याला डोळे झाकून. एकच वर्डप्रेसचं दुकान असेल तर नको, भार वाढेल. पैसे भरून मिळणारी आवृत्तीही आहे, मोंगोडीबीसारखे डेटाबेस लागले तर तिचा विचार करावा. मला तीन वर्षांत तिची गरज पडली नाही.

गेल्या महिन्यात अण्णांची सून कामात आली. तिला विक्रीचे आकडे स्वतः बघायचे होते. तिच्या लॅपटॉपवर डीबीव्हर बसवलं, पण माझा युजर दिला नाही. मायएसक्यूएलमध्ये तिच्यासाठी फक्त वाचण्याचा हक्क असलेला वेगळा युजर केला, आणि डीबीव्हरमध्येही ती जोडणी ‘रीड-ओन्ली’ ठेवली. पहिल्याच दिवशी तिनं काढलं की गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेच्या पंधरवड्यात चादरीपेक्षा टॉवेल जास्त जातात. मग तिनं विचारलं, “अक्का, मी चुकून काही दाबलं तर?” मी तिलाच नॅपकिनचा दर बदलून बघायला सांगितलं. तिनं ३८ लिहिलं, एंटर दाबलं. नकार आला. तिनं आणखी एकदा करून बघितलं, परत नकार, आणि मग ती निवांतपणे नांदेडच्या ऑर्डरी बघायला लागली.